दुसरा तांब्या

पद्मावती शिंदे यांचं नाक फोडलं गेलं. गेल्या श्रावणात, नागपंचमीला, सकाळची आरती नुकतीच संपली होती आणि तांबे घेतलेल्या बायकांची रांग बोळाच्या तोंडापर्यंत आली होती, तेव्हा. जागा धारवाडातली, सुभाष रोडच्या मागच्या बोळातला पिंपळाखालचा नागरकट्टा, म्हणजे नागाच्या दगडांचा पार. हत्यार दुधाच्या कॅनचं झाकण. मारणारा परसू दूधवाला, आणि तो दमल्यावर इतर. बघणारे तुम्ही.

मी पत्रकं लिहिते. कुणावर, केव्हा, कुठं, कुणी, एवढं सुरुवातीलाच आलं पाहिजे ही आमची शिस्त. ती पाळली. पण पत्रकात माणूस मावत नाही, आणि पद्मक्का तर घरातसुद्धा मावायची नाही. म्हणून हे जास्तीचं. तोंडावर आम्ही तिला ‘अहो पद्मक्का’ म्हणायचो. लिहिताना मात्र ‘ती’च येतं. जिचं रक्त माझ्या ओढणीतून अजून निघालेलं नाही, तिला ‘त्या’ म्हणायला हात वळत नाही.

हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. राहायला धारवाडात. माहेर अळणावरकडचं, शेतकऱ्याचं, त्यामुळं आवाज बांधावरून बांधावर जाणारा. रिटायर झाल्यावर एक दिवस ती आमच्या ग्राहक गटाच्या बैठकीत न बोलावता आली. आम्ही दुधातल्या भेसळीवर पत्रक काढलं होतं, चांगलं जळजळीत. तिनं ते वाचलं नाही. नाकाला लावलं.

“शाईचा वास येतोय,” ती म्हणाली. “दुधाचा नाही. तुमच्यातल्या कुणी कधी दूध तपासलंय?”

तिनं पत्रक माझ्यासमोर टाकलं.

“मग हे चुरमुऱ्याच्या गिरमिटवाल्याला द्या की. पुड्या तरी होतील.”

त्या दिवसापासून मी ‘पत्रकबाई’ झाले. माझं खरं नाव तिनं कधी विचारलं नाही.

तिचं नाक हा एक वेगळाच प्रकार होता. दुधाचे दोन थेंब ती तळहातावर घ्यायची, दुसऱ्या हातानं रगडायची आणि ओंजळीत नाक खुपसून डोळे मिटायची. मग सांगायची: कॅन धुतलेला नाही, नुसता पुसलाय. किंवा: म्हैस गटाराच्या पाण्यात बसून आलीय आणि कास न धुता पिळलीय. दूध नासू नये म्हणून सोडा घातलेला असला तर तिला ओल्या, नुकत्या चुना लावलेल्या भिंतीचा वास यायचा. भेसळ नळीला कळते, घाण नाकाला कळते, असं ती म्हणायची, आणि शहराच्या पोटात भेसळीपेक्षा घाणच जास्त जाते यावर तिचा ठाम विश्वास होता. स्वतः ती बिनदुधाचा चहा प्यायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, “मी आत काय काय बघितलंय ते तुम्ही बघितलेलं नाही.”

तिच्या परीक्षानळ्या बांगडीवाल्याच्या जुन्या पेटीत असायच्या. बांगड्यांच्या खणांत नळ्या, आणि कमरेला चंची. चंचीत पान-सुपारी नाही, आयोडीनची बाटली: दुधात पिठाची खळ असली की एका थेंबानं ते निळं होतं. बोटं कायम पिवळी-तपकिरी. बसमध्ये शेजारच्या बायका तिला तंबाखू मागायच्या.

आता तिच्या हाताबद्दल लिहिते, कारण कोर्टात परसूची बाजू तेच मांडणार आहे. पद्मक्का मारकुटी होती. हे लपवायचं कारण नाही.

परसूशी तिची पहिली गाठ पडली ती एका बोळात, तो मापानं दूध घालत असताना. गाडीवर हिंदकळून दूध सांडू नये म्हणून हे लोक झाकणाखाली कापडाचा बोळा कोंबतात, तसा त्यानं कोंबला होता. पद्मक्कानं बोळा उपसून काढला. हुंगला. मग घडी उलगडून बघितली. ते लहान पोराचं जुनं लंगोट होतं.

“अक्का, फडकंच आहे की ते,” परसू हसत म्हणाला. “धुतलेलं आहे री.”

“धुतलेलं आहे?”

“हो की.”

“मग तोंडात धर.”

तो हसतच होता. तिनं त्याच्या कॉलरला धरलं आणि दुधानं निथळणारं ते फडकं त्याच्या तोंडात कोंबलं, पार आत, तो ओकारी येऊन वाकेपर्यंत. मग कॅन उचलून उरलेलं दूध त्याच्या डोक्यावर ओतलं. बोळातली पोरं टाळ्या पिटत होती. गच्चीवरनं कुणीतरी ओरडलं, “परसण्णा, अभिषेक झाला बघा!”

तिनं ते करायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. पण परसू त्या टाळ्या विसरला नाही, हेही खरं.

आणि ती फक्त दूधवाल्यांनाच झोडायची असं समजू नका. एकदा एक काकू दारातच तिला म्हणाल्या, “आमचा दूधवाला बदलला पाहिजे हो, साय धरत नाही.” पद्मक्का तिथंच उसळली. “साय पाहिजे, घट्ट पाहिजे, म्हशीचं पाहिजे, पहाटे पाहिजे, आणि भाव वाढवला की दुसऱ्याकडं जाणार! तो बिचारा पाणी घालतो आणि पातळ दिसू नये म्हणून खळ शिजवून घालतो. चुलीवर ती खळ तुम्हीच चढवलीय, काकू. त्यानं फक्त ढवळलीय.” काकूंनी दार लावलं. पद्मक्कानं त्या दारावर चप्पल मारली.

पण मला तिची खरी ओळख झाली ती कलघटगीच्या लग्नात. तिच्या भाचीचं लग्न. आम्ही दोघी-तिघी गटातल्याही गेलो होतो. आचाऱ्यानं दुधीची खीर केली होती, मोठी कढई भरून. पद्मक्का स्वयंपाकाच्या मांडवात शिरली आणि पळीभर खीर निववून तीत आयोडीनचा थेंब टाकला. खीर निळी. गर्द निळी, शाईसारखी. तिनं एक शब्द विचारला नाही. पदर खोचला, कढईला लाथ घातली. उकळती खीर आचाऱ्याच्या नडगीवर गेली आणि तिच्या स्वतःच्या पायावरही. आचारी बोंबलला. नवरीचा मामा झारा घेऊन धावला आणि त्यानं तो तिच्या पाठीवर हाणला. तिनं वळून त्याला थोबाडीत दिली. मांडवात एकच गोंधळ.

तेवढ्यात आचारी, पायावर पाणी ओतत, रडवेल्या आवाजात म्हणाला, “अक्का, तांदळाची पेज घातलीय री मी! घट्ट व्हायला. खिरीत घालतातच की. दूध बघायचं तर ते बघा, कॅनमध्ये आहे अजून.”

त्यानं कॅनमधलं दूध वाटीत आणून दिलं. पद्मक्कानं थेंब टाकला. दूध पिवळसर झालं आणि तसंच राहिलं. चांगलं, निर्मळ दूध. एका हातात निळी पळी, दुसऱ्या हातात पिवळी वाटी घेऊन ती कितीतरी वेळ उभी होती. पायाची कातडी सुटत होती, तिकडं लक्ष नाही. मग तिनं आचाऱ्याच्या पायाला हात लावला, सगळ्यांच्या देखत. त्याला खुर्चीवर बसवलं, आणि भाजक्या पायानं उभं राहून अख्ख्या लग्नाचा शिरा तिनं एकटीनं परतला. जो कोणी मदतीला जाई त्याला शिव्या देऊन हाकलत होती.

त्या दिवसापासून तिचा एक नियम झाला. एकट्या दुधावर बोलायचं नाही. ज्याचा संशय आहे त्याच्या शेजारी ज्याचा भरवसा आहे ते दुसरं दूध ठेवायचं, एकाच बाटलीतला थेंब दोघांत टाकायचा, आणि लोकांच्या डोळ्यांना बोलू द्यायचं. “आधी नाक, मग नळी, आणि तोंड सगळ्यांत शेवटी,” असं ती आम्हाला बजावायची. बजावताना टेबलावर मूठ आपटायची ती गोष्ट वेगळी.

आता पंचमीचं दूध. हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते, कारण तुम्ही ते कधी मोठ्यानं बोलत नाही. पंचमीला नागाच्या दगडावर दूध घालायचं असतं. ते कुणी पिणार नसतं. म्हणून त्या सकाळी कट्ट्याजवळ जे दूध विकायला येतं ते वेगळंच असतं: पाणी, खळ, आणि रंगापुरतं दूध. विकणाऱ्याला माहीत असतं. घेणारीलाही माहीत असतं. “दगडावरच तर घालायचं,” असं म्हणत दोघंही डोळे मिटतात. देवाला फसवायचा हा गोड करार आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवलाय, आणि देव तक्रार करत नाही म्हणून तो चालतो.

पण पूजा दुपारी आटपते. कॅन रिकामे झालेले नसतात. उरलेलं दूध कुठं जातं?

हा प्रश्न पद्मक्काला गंगूमुळं पडला. गंगू अळणावरकडची, धारवाडात बांधकामावर विटा वाहते, कामाच्या जागेवरच पत्र्याच्या खोलीत राहते. पलीकडच्या वर्षी पंचमीला संध्याकाळी तिथं दूध स्वस्त आलं. सणाचा दिवस म्हणून तिनं तान्ह्या मुलीला पोटभर पाजलं. मुलगी पहाटेपासून ओकू लागली, जुलाबांनी सुकली, इस्पितळात तिच्या कपाळाच्या शिरेतून सलाईन लावावं लागलं. वाचली. शेजारच्या खोलीतलं पोर वाचलं नाही. गंगू पद्मक्काकडं आली आणि तिनं फक्त एवढंच विचारलं, “अक्का, देवाचं दूध माझ्या पोरीला कसं बाधलं?”

पद्मक्का त्या दिवशी ओरडली नाही. मला भीती वाटली ती तेव्हा.

म्हणून गेल्या पंचमीला आम्ही कट्ट्यावर गेलो. दूध दगडावर पडायच्या आधी, सगळ्यांसमोर, काय आहे ते दाखवायचं. म्हणजे दुपारचे कॅन कामगारांच्या वस्तीत जाणार नाहीत. मी बांगड्यांची पेटी धरून मागं उभी होते. गंगू रांगेत होती, परसूकडनं घेतलेल्या दुधाचा तांब्या हातात. पद्मक्कानं तळहातावर दोन थेंब घेऊन हुंगलं, नाक मुरडलं, पण बोलली नाही. नियम पाळला. मागं वळून रांगेतल्या दुसऱ्याच एका काकूंना विचारलं, “तुमचं दूध कुठलं हो?”

“घरचं आहे,” काकू म्हणाल्या. चांगल्या घरच्या, काठापदराचं नेसलेल्या, चकचकीत तांब्या. “आमच्या अंगणातल्या म्हशीचं. मी नाही बाई विकतचं आणत देवाला.”

“थोडं नळीत देता?”

“नळीत कशाला, ह्यातच टाका की. मलाही बघू दे.”

गंगूनंही तांब्या पुढं केला. “माझ्यातबी ह्यातच टाका, अक्का. सगळ्यास्नी दिसू दे.”

तिथं पद्मक्का चुकली. नळीत घ्यायला हवं होतं. पण दोन बायका दोन तांबे पुढं करून उभ्या होत्या आणि रांग माना उंचावून बघत होती. तिनं चंचीतली बाटली काढली. आधी काकूंच्या तांब्यात थेंब टाकला. दूध पिवळसर झालं. मग त्याच बाटलीतला थेंब गंगूच्या तांब्यात.

गंगूचं दूध निळं झालं. हलवलं तसं आणखी निळं.

श्रावणातली सकाळ, नागाचा कट्टा, हळदीकुंकू, आणि तांब्यात निळं दूध. पद्मक्कानं बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या आधी परसूनं उघडलं.

“विषा हाक्याळ!” तो कन्नडमध्ये ओरडला. हिनं विष घातलं! “नागप्पाच्या दुधात विष घातलं!”

रांग फुटली. कुणी पोरांना उचललं, कुणी किंचाळलं. “होडीरी आकीन!” मारा तिला, असं मागनं आलं. परसूनं कॅनचं जड झाकण दोन्ही हातांत धरलं आणि कडेनं तिच्या नाकावर घातलं. आवाज आला. लाकडाची काटकी मोडल्यासारखा. ती कट्ट्याला आपटली, डोकं दगडावर आदळलं, आणि तरी उठली. उठून तिनं परसूचा गळा धरला. त्यानं दुसरा घाव घातला. मग इतर आले. ज्यांचं दूध नव्हतं, ज्यांचा परसूशी संबंध नव्हता, असे आले. लाथा. चपला. एकानं नारळ. मी तिच्या अंगावर पडले तर माझ्या पाठीत बसल्या. बांगड्यांची पेटी फुटली, आयोडीनची बाटली फुटली, नळ्यांचा चुरा झाला, तो पद्मक्काच्या हातात घुसला. गंगूनं एकाच्या दंडाचा चावा घेतला, तेव्हा तिला केसांना धरून फरफटवलं. पद्मक्काच्या नाकातनं रक्त सांडून त्या निळ्या दुधात गेलं, आणि कुणीतरी घागरभर पाणी ओतून सगळं धुऊन काढलं. कट्टा शुद्ध करायला म्हणे. पुरावा गटारात गेला. पूजा पुढं चालू झाली. परसूचे कॅन दुपारी हलले, कुठं ते मी सांगायला नको.

काकू? काकू पिंपळाला टेकून उभ्या होत्या. पिवळसर दुधाचा तांब्या छातीशी धरून.

चौकीत दोन तक्रारी झाल्या. एक आमची, मारहाणीची. दुसरी परसूची: या बाईनं देवाच्या दुधात विषारी द्रव्य मिसळून लोकांच्या भावना दुखावल्या आणि जिवाला धोका केला. परसूच्या बाजूचं म्हणणं असं की पद्मक्काच्या बाटलीनं कुठलंही दूध निळंच होतं. मी सांगितलं तर मी गटातली. गंगूनं जबाब दिला, तर त्या आठवड्यात तिच्या खोलीचं पत्र्याचं दार लाथांनी वाकवलं आणि तिला विटांच्या कामावरून काढलं. वकील म्हणतात, सगळा खटला दुसऱ्या तांब्यावर उभा आहे. एकाच बाटलीतला थेंब दुसऱ्या दुधात पडला आणि ते निळं झालं नाही, हे गटाबाहेरच्या एका माणसानं सांगायला हवं. नाही तर उभं आयुष्य दूध हुंगणारी ही बाई विष घालणारी ठरेल.

मी काकूंच्या घरी गेले. अंगणात म्हैस होती. काकू दारात आल्या, चहा विचारला, आणि म्हणाल्या, “आमच्या ह्यांना कोर्टकचेरी आवडत नाही ग. आणि मला नीट दिसलंच नाही. चष्मा नव्हता.” चष्मा नाकावर होता.

परवा पद्मक्काकडं गेले. जिन्यातच करपल्याचा वास आला. धावत वर गेले तर स्वयंपाकघरात धूर, गॅसवर पातेलं काळं ठिक्कर, दूध जळून कोळसा झालेलं. गंगूच्या पोरीसाठी तापत ठेवलं होतं. आणि पद्मक्का त्या गॅसपासून हातभर अंतरावर, पाटावर, गॅसकडं पाठ करून बसलेली. शांतपणे लसूण सोलत. मी गॅस बंद केला तशी वळून बघितलं.

“करपलं होय ग?” तिनं विचारलं.

डोक्याला मार बसल्यापासून तिला वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं नाही. आम्हाला तिनं हे सांगितलंच नव्हतं. बोळातल्या बायका अजून तिच्याकडं दूध आणायच्या, ती अजून तळहातावर थेंब रगडून ओंजळीत नाक घालायची, आणि मग नुसती म्हणायची, “नळीत बघूया.”

तिनं सोललेली पाकळी नाकाशी नेली. मग दातानं फोडली. मग ताटली उचलून भिंतीवर फेकली. लसूण घरभर उडाला.

“उचल,” ती म्हणाली. “आणि पत्रकबाई, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथं काम आहे.”

आता तुमच्याकडं वळते. त्या सकाळी तुम्ही रांगेत होतात. तुम्ही नसाल तर तुमची आई होती, सून होती, मावशी होती. तिला विचारा. आज जेवताना विचारा. माझ्या बाजूनं बोलू नका. पद्मक्का फार थोर आहे असंही सांगू नका, ती भांडकुदळ आहे. परसूला शिव्या देऊ नका, त्याचं दूध तुम्हीच घेत होतात. पुढच्या तारखेला धारवाडच्या कोर्टात या, आणि उभं राहून एवढंच सांगा की बाटली एक होती आणि तांबे दोन होते. एक निळा झाला. दुसरा झाला नाही.

आणि काकू, हे पत्रक तुमच्या दाराखालून मी स्वतः सरकवलंय. दुसरा तांब्या तुमचा होता. तो घेऊन या.